अर्ध्या पानाची साक्ष

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कोर्टात सुचिता खवसे पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याकडे एक जाड रजिस्टर, तीन पेनं आणि न्यायावर बऱ्यापैकी विश्वास होता. चार महिन्यांनंतर रजिस्टर कोरंच होतं, पेनं वकीलसाहेबांच्या मुंशीनं एकेक करून नेली होती, आणि विश्वास तिनं अलीकडे काढून पाहिला नव्हता.

ती नागपूरच्या एका कॉलेजात लॉच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षी एक खास गट निवडावा लागतो. तिनं फौजदारी निवडला, आणि घरी पांढुर्ण्याला जे व्हायचं ते झालं. वडील हायर सेकंडरीत गणित शिकवत. त्यांचं म्हणणं, महसूल घे, जमिनीच्या वाटण्या जन्मभर पुरतात. आई प्रेमलताबाईंची अडचण वेगळी. "लोक विचारतात, पोरगी काय शिकून राहिली? काय सांगू मी, मर्डर शिकून राहिली?" कॉलेजातल्या एका सरांनी तर भर वर्गात सांगितलं, की पांढुर्ण्याच्या मुलीला फौजदारी शिकायची काय गरज, तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव दगड घेऊन प्रात्यक्षिक करतं. वर्ग हसला. सुचिताही हसली. गोटमारीवरचा, त्या दिवशीच्या दगडफेकीच्या जत्रेवरचा, हा विनोद ती चौथीपासून ऐकत होती, आणि हसलं नाही तर लोक तो पुन्हा समजावून सांगतात हे तिला ठाऊक होतं.

फौजदारी घेण्यामागं काही थोर कारण नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिनं पुराव्याचा कायदा वाचला. तू पाहिलंस का? कुठून पाहिलंस? उजेड किती होता? माणसाला इतके सरळ प्रश्न विचारणारं पुस्तक तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. घरात, नात्यात, शाळेत कुणी असं विचारत नसे. तिथं सगळ्यांना आधीच सगळं माहीत असायचं. तिला वाटलं, जन्मभर करायचं तर हे.

पण गटाच्या प्रमुख प्रतिभा मॅडम कडक होत्या. फौजदारी गटात राहायचं तर प्रत्येकानं एका साक्षीदाराची संपूर्ण साक्ष स्वतः कोर्टात बसून ऐकायची. सरकारी वकिलानं विचारलेलं सगळं, मग आरोपीच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलेलं सगळं. ती उतरवून काढायची, किमान पाच पानांचं जर्नल, खाली वकिलाची सही. एकतीस मार्चपर्यंत. नाही झालं तर नाव फौजदारीतून कापून करकायद्याच्या गटात, कारण तिथं नेहमी जागा असते.

"पाच पानं म्हणजे काय मोठी गोष्ट," सुचिता घरी म्हणाली होती. हे नोव्हेंबरातलं.

रोज सकाळी पांढुर्ण्याहून बस, संत्र्याचे बगीचे, कापसाची वावरं, सौंसरचं स्टँड, मग कोर्ट. अॅडव्होकेट वसंतराव ढोके तिच्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून त्यांच्याकडे तिला उमेदवारी मिळाली. वसंतरावांची वकिली अडतीस वर्षांची. पुकार होईपर्यंत ते डोळे मिटून बसत, आणि पुष्कळदा पुकार झाल्यावरही. पहिल्याच दिवशी सुचितानं त्यांना विचारलं होतं, सर, मला पूर्ण साक्ष कधी पाहायला मिळेल?

त्यांनी एक डोळा उघडला.

"बेटा, मी पण वाटच पाहून राहिलो."

कोर्टात तारखेला इकडे पेशी म्हणतात. सुचितानं चार महिन्यांत सव्वीस पेश्या पाहिल्या. एकदा साक्षीदार आला तर सरकारी वकील रजेवर. सरकारी वकील आले तर फाइल दुसऱ्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली छिंदवाड्याला गेलेली. पांढुर्णा नवा जिल्हा झाल्यापासून अर्धे कागद जुन्या जिल्ह्यात होते आणि अर्धे नव्या. उरलेल्यांबद्दल दोन्हीकडचे लोक एकमेकांचं नाव सांगत. मग वकिलांचा बहिष्कार झाला. मग न्यायाधीश बदलल्या. नव्या मॅडम ग्वाल्हेरकडच्या, तरुण, वेळेवर येणाऱ्या. त्यांच्या वेळेवर येण्यानं पहिले पंधरा दिवस कोर्टाचं काम फार विस्कळीत झालं.

दुपारी सुचिता बाहेरच्या बाकावर बसून डबा खाई. त्याच बाकावर तिला बापूजी आणि गजेंद्र भेटले.

बापूजी सत्तरीचे, मोहगावकडच्या एका खेड्यातले. पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि डावा हात कोपरापासून थोडा वाकडा. गजेंद्र चाळिशीतला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. दोघं एका मोटारसायकलवर येत, एकाच डब्यातलं खात. डबा बापूजींच्या देवकाबाईंनी भरलेला असे. भाकरी तोडायला बापूजींना त्रास होई, म्हणून गजेंद्र तोडून त्यांच्यापुढं ठेवी. सुचिताला वाटलं बापलेक असावेत.

"तुमची कोणती केस आहे, बापूजी?"

"मारपिटीची. यानं माह्या हात तोडला ना," बापूजी गजेंद्रकडे हनुवटी करून म्हणाले, आणि लोणच्याची फोड त्याच्याकडे सरकवली. "घे बे, तुले आवडते."

सुचिताचा घास तसाच राहिला.

गोष्ट अशी होती. दोघांची वावरं लागून, विहीर एक. कोविडच्या आदल्या वर्षी पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं. गजेंद्रानं फावडं उचललं आणि घातलं. हाड दोन ठिकाणी मोडलं. पोलीस आले, अटक झाली, जमानत झाली, केस लागली. पुढच्या वर्षी गजेंद्रानं बापूजींच्या घरी जाऊन पाय धरले, बापूजींनी दोन दिवस शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी चहा दिला. भांडण मिटलं. केस मात्र मिटेना. धारदार हत्यारानं हाड मोडलं की ते कलम असं लागतं, की दोघं तयार असले तरी राजीनामा, म्हणजे आपसातली तडजोड, होत नाही. मधे सरकारनं सगळे कायदे बदलले, कलमांचे नंबर बदलले. पण हे भांडण जुनं, म्हणून त्याला कलमही जुनंच. आरोपीला प्रत्येक पेशीला यावंच लागे. फरियादीला यायची गरज नव्हती, तरी बापूजी येत.

"घरी बसून का करू?" ते म्हणाले. "याच्या गाडीवर येनं होते. डोळ्यात औषध टाकून घेनं होते, बँकेचं काम होते. अन् हा एकटा आला तं जेवत नाही, बाप्पा."

"मग तुमची साक्ष अजून झाली कशी नाही?"

"समन आलं तिनदा. शिपाई गावात घेऊन येते, अन् मी इकडे कोर्टात असतो. तो लिहून देते, साक्षीदार मिळून आला नाही."

सुचितानं हे रजिस्टरमध्ये लिहायला घेतलं आणि मग खोडलं. पाच पानांत हे धरत नाहीत.

तिला एवढं मात्र कळलं, की डॉक्टरांची साक्ष होऊन गेलीय, एक्स-रे फाइलीत आहे, नव्या मॅडमनी यावेळी समन्स बापूजींच्या हातातच दिलंय, आणि अकरा मार्चला त्यांची साक्ष लागलीय. फरियादीची साक्ष! सगळ्यात लांब तीच असते. त्या संध्याकाळी बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नाही, हे तिला मोहगाव गेल्यावर लक्षात आलं.

गजेंद्राचे वकील वसंतरावच, म्हणून दहा मार्चला तिनं त्यांचे मुंशी कमलभाऊंना उद्याची फाइल मागितली. त्यांनी ती दिली, आणि वर पाहून विचारलं, "हे कायले पाहिजे?"

"उद्या पूर्ण साक्ष आहे ना. वाचून ठेवते."

कमलभाऊ हसले नाहीत. तीस वर्षं कोर्टात काढल्यावर माणूस हसण्याचं काम पक्षकारांवर सोडतो.

"मॅडम, पूर्ण काय? बापूजी पिंजऱ्यात चढतील, 'अंधार होता, पाय घसरून पडलो, कोनी मारलं माहीत नाही' म्हणतील, अन् उतरतील. सरकारी वकील म्हणतील साक्षीदार फुटला. झालं. अर्धं पान."

"म्हणजे हे ठरलंय?"

"सहा वर्षांपासून. सरकारी वकिलाले माहीत आहे, ढोके साहेबाले माहीत आहे, बाहेर चहावाल्याले माहीत आहे. नव्या मॅडमले तेवढं माहीत नाही, पन त्याइले सांगून का फायदा?"

सुचिता आत गेली. वसंतराव डोळे मिटून होते.

"सर, बापूजी उद्या खोटं बोलणार आहेत."

"हो," ते डोळे न उघडता म्हणाले. "साक्षीदार फुटला म्हणतात. आपल्याकडचा साक्षीदार फुटत नाही बेटा, तो मुळातच जोडलेला नसतो."

"पण माझं..." ती थांबली. माझं जर्नल, असं ती म्हणणार होती. एका माणसाच्या जेलसमोर ठेवायला तो शब्द फारच लहान होता, हे तिला तेव्हा तरी कळलं.

अकरा तारखेला सकाळी पुकाराला वेळ होता. बाकावर तिघं बसली होती. ऊन आत्तापासूनच चढलं होतं. सुचितानं डबा उघडला नाही.

"काऊन ओ बाई, तब्येत बरी नाही का?" बापूजींनी विचारलं.

आणि ती बोलली. सव्वीस पेश्या, पाच पानं, प्रतिभा मॅडम, एकतीस मार्च, करकायदा, सगळं. तुम्ही अर्धं पान बोलणार हे मला माहीत आहे, तुमचं बरोबरच आहे, माझं नाव कापलं जाईल एवढंच, असंही बोलली. ती काही मागत नव्हती. निदान नंतर ती स्वतःला तसं पुष्कळ दिवस सांगत राहिली.

बापूजींनी विचार केला. "पाच पानं म्हंजे किती बोलावं लागते?"

"अर्धा तास तरी. पण तुम्ही नका, बापूजी, मी सहज..."

"गजेंद्र, ऐकून राहिला ना बे?"

"ऐकून राहिलो." गजेंद्र जमिनीकडे पाहत होता. "सांगून टाका ना मंग. पोरीचं वर्ष जाते खाली."

"अहो गजेंद्रभाऊ, तुम्हाला शिक्षा होईल!"

"कशी होईल ताई? शेवटी बापूजी मिटलं म्हनतील ना."

सुचिताला त्याच क्षणी उठून वसंतरावांकडे जायला हवं होतं. तिनं उलट त्यांनाच समजवायला सुरुवात केली. कोर्ट म्हणजे गावची बैठक नाही, तिथं 'मिटलं' म्हणून चालत नाही, इथं जे आधी बोललं जातं तेच राहतं. दोघांनी तिचं आदरानं ऐकून घेतलं. शिकत्या पोरीचं ऐकतात तसं. त्यांच्या गावात मारपिटीचा निवाडा एकाच रीतीनं होत आला होता. मार खाल्लेला माणूस चार लोकांसमोर सगळं सांगतो, काही लपवत नाही. मारणारा मान खाली घालून ऐकतो. मग मार खाल्लेला म्हणतो, मिटलं. पूर्ण सांगितल्याशिवाय मिटत नाही. लपवलं तर आत राहतं.

"अन् तसंही," बापूजी उठत म्हणाले, "खोटं बोलायले मले सहा वर्षांपासून बेकार वाटून राहिलं होतं."

पुकार झाली. सुचिता वसंतरावांच्या मागे धावली. "सर, एक मिनिट, बापूजी..."

"नंतर," वसंतराव म्हणाले. "तीन मिनिटांचं काम आहे."

बापूजी पिंजऱ्यात चढले, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी फाइल उघडलीच नव्हती. जांभई दाबत त्यांनी विचारलं, काय झालं होतं सांगा, आणि पुढच्या केसचे कागद लावायला घेतले.

बापूजींनी सुरुवात विहिरीपासून केली. विहीर कुणाच्या आज्यानं खोदली, पाणी किती हातांवर होतं, पाळी कुणाची होती. मग त्या दिवशीची संध्याकाळ. मोटर बंद करून गजेंद्रानं पाणी आपल्या बगीच्याकडे कसं वळवलं, आपण काय शिवी दिली, त्यानं काय दिली. शिव्या त्यांनी जशाच्या तशा सांगितल्या. स्टेनो बाई मराठीच्या, त्यांनी मॅडमना हिंदीत सांगताना 'अश्लील गालियाँ' एवढंच सांगितलं. बापूजींना ते फार थोडं वाटलं. मग फावडं. ते कसं उचललं, कुठून आलं, आपण हात कसा वर केला, हाडाचा आवाज कसा आला. "कापसाची सुकी पऱ्हाटी मोडल्यावानी," ते म्हणाले, आणि कोर्टात पहिल्यांदाच कुणी खोकलं नाही.

सरकारी वकिलांनी हातातले कागद खाली ठेवले. मग हळूच या केसची फाइल उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर, परीक्षेत अभ्यासक्रमातला प्रश्न आल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येतो तसा अविश्वास होता. वसंतरावांचे दोन्ही डोळे उघडे होते. सुचितानं ते तसे पहिल्यांदाच पाहिले.

ती लिहीत होती. दीड पान, दोन, तीन. हात थांबवावा असं तिला वाटत होतं आणि हात थांबत नव्हता, कारण साक्ष फार चांगली होती. वेळ, जागा, अंतर, उजेड, सगळं होतं. पुस्तकात असते तशी. पुस्तकात आरोपीचा चेहरा मात्र नसतो. गजेंद्र समोरच्या पिंजऱ्यात मान खाली घालून, रीतीप्रमाणे, सगळं ऐकत उभा होता.

"असं झालं," बापूजींनी संपवलं. "आता मिटलं. ये गजेंद्र."

आणि गजेंद्र आला. कुणाला काही कळायच्या आत तो आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरला, मधली चार पावलं चालला, आणि त्यानं बापूजींच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, बापूजी," म्हणाला. बापूजींनी वाकडा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. गावच्या बैठकीत इथं लोक उठून घरी जातात.

"आरोपी अपनी जगह पर जाए," मॅडम म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. मग स्टेनोकडे वळून सांगू लागल्या. "साक्षी ने न्यायालय में उपस्थित आरोपी को पहचाना..."

"उसने माफी भी माँगी, मॅडम," सरकारी वकील नम्रपणे म्हणाले.

"अन् लिहा ना, की मिटलं!" बापूजी वरून म्हणाले.

"वो भी लिख रहे हैं, बाबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते खरंच लिहिलं. त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्या खोलीत दोघांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

उलटतपासणीला वसंतराव उठले. इतक्या वर्षांनंतर उठल्यासारखे उठले. मागे हात करून हळूच म्हणाले, "काय आहे?"

सुचिताला समजलं त्यांना काय हवंय. बाकावरच्या चार महिन्यांत तिला बापूजींचं सगळं माहीत झालं होतं. त्या साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन नंतर झालं. तिनं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. देताना तिच्या मनात आलं, म्हातारा आता चिडेल. पण बापूजी वसंतरावांना मदतच करायला तयार दिसत होते, गजेंद्राला वाचवायला लागेल तेवढं करू, असा त्यांचा चेहरा होता.

"तेव्हा तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता?"

"होता ना. दोन्ही डोळ्यांत."

"संध्याकाळची वेळ होती?"

"होती."

"म्हणजे मारणारा कोण, हे तुम्हाला नीट दिसलं नाही?"

"नाही दिसलं," बापूजी लगेच म्हणाले. वसंतरावांनी श्वास सोडला. त्यांनी तिथंच खाली बसायला हवं होतं. पण बापूजींचं वाक्य संपलं नव्हतं, आणि खरं सांगायला लागलेल्या माणसाला थांबवणं अवघड असतं. "पन दिसाची गरज काय? शिव्या देऊन राहिला होता ना तो. हा एवढासा होता तवापासून याच्या शिव्या ऐकून राहिलो मी. आवाज नाही ओळखनार का?"

वसंतराव खाली बसले. सुचितानं तेही लिहिलं. साडेसहा पानं झाली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, माझ्यामुळं झालं हे." आणि सगळं सांगितलं.

वसंतरावांनी ऐकून घेतलं. रागावतील, असं वाटलं होतं. पण रागवायला जो जोम लागतो तो त्यांच्याकडे नव्हता. "तुला वाटतं मी पुकाराआधी ऐकलं असतं तर थांबवलं असतं," ते म्हणाले. "थांबवलंच असतं. तेच माझं काम आहे. अडतीस वर्षं लोकांना खरं बोलण्यापासून थांबवून राहिलो, आणि आज एकाला थांबवायला एक मिनिट दिलं नाही." मग रजिस्टरवर सही करून दिली. "घे. कॉलेजात दे. साक्ष चांगली आहे."

प्रतिभा मॅडमनी जर्नल पाहून पहिल्यांदाच शेरा लिहिला: उत्तम निरीक्षण. सुचितानं तो घरी कुणाला दाखवला नाही. वडिलांनी विचारलं, झालं का एकदाचं? ती म्हणाली, झालं.

गजेंद्राच्या केसचा निकाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागला. गुन्हा सिद्ध. फरियादीनं माफ केलं हे मॅडमनी निकालात लिहिलं, म्हणून शिक्षा कमी: एक वर्ष. अपील करायचं असेल तर तोपर्यंत जमानतीवर सोडता येईल, पण जमानतदार आजच पाच वाजेपर्यंत हजर हवा. नाही तर आज जेल.

गजेंद्राला शिपायानं बाजूला बसवलं. तो पाण्याची बाटली हातात धरून बसला होता, उघडत नव्हता. बापूजींना कुणीतरी निकालाचा अर्थ सांगितला. ते मग सुचिताकडे आले.

"एक साल?"

"हो, बापूजी."

"पन मी मिटलं म्हनलो होतो ना बाई. तू लिहिलं नव्हतं का?"

"लिहिलं होतं."

"मंग?"

त्या 'मंग'साठी सुचितानं पाठ केलेली सगळी कलमं मनातल्या मनात चाळून पाहिली.

गजेंद्राचा साळा जमानतदार म्हणून येणार होता. तो संत्र्याचा ट्रक घेऊन नागपूरला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. साडेतीन झाले. कमलभाऊ दोन ठिकाणी जाऊन आले. जमिनीचा कागद असलेला आणि आज सौंसरमध्ये असलेला माणूस पाहिजे होता. असे पुष्कळ होते, पण नुकती शिक्षा झालेल्याला जमानत द्यायला कुणी पुढं येईना.

तेव्हा बापूजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून जमिनीची ऋणपुस्तिका काढली. बँकेच्या कामासाठी आणली होती.

"हे चालते का?"

कोर्टाच्या बाबूनं ती पाहिली, माणूस पाहिला, मग फाइल पाहिली. "हे तर फरियादी आहेत."

"फरियादीनं जमानतदार होऊ नये असं कुठं लिहिलंय?" सुचितानं विचारलं. पाच महिन्यांत त्या खोलीत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न. बाबूनं वसंतरावांकडे पाहिलं.

"शोधून सांगा," वसंतराव म्हणाले. "पाच वाजेपर्यंत."

बाबूला शोधायची इच्छा नव्हती. फॉर्म सुचितानंच भरायला घेतला. जमानतदाराचं नाव, वय, गाव, जमीन. एका रकान्यात लिहिलं होतं, आरोपीशी नातं.

"काय लिहू, बापूजी?"

बापूजींनी विचार केला. "मार खाल्ला म्हनून लिही."

"ते नातं होत नाही."

"मंग शेजारी लिही. पन आधी मार खाल्ला, मंग शेजारी झालो. त्याच्या पहिले निस्ते जवळजवळ राहत होतो."

तिनं 'शेजारी' लिहिलं. मॅडमनी कागद पाहिले, चष्मा काढला, बापूजींना विचारलं की भागा तो आपकी ज़मीन जाएगी, समझते हैं? बापूजी म्हणाले, हा कुठं पळते मॅडम, विहीर एक आहे. हे वाक्य स्टेनोनं भाषांतर न करताच सोडलं, आणि मॅडमनी सही केली.

चार वाजून पन्नास मिनिटांनी गजेंद्र बाहेर आला. त्यानं सुचिताला हात जोडले. तिला ते आवडलं नाही, पण ते का आवडलं नाही हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. बापूजी त्याला एवढंच म्हणाले, "चाल, डोळ्याचं औषध आनायचं आहे," आणि दोघं गेले.

वसंतरावांनी निकालाची प्रत टेबलावर सरकवली. सव्वीस पानं.

"अपील तू लिही. तीस दिवस आहेत. मी तपासून देईन."

सुचिता खुर्चीत बसली. पाय दुखत होते. पांढुर्ण्याची बस आता सुटली असणार आणि पुढची सहाला होती. तिनं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. साक्षीचा भाग आला. मॅडमनी लिहिलं होतं, की साक्षीदार अत्यंत विश्वासार्ह आहे, त्याच्या सांगण्यात कुठंही विसंगती नाही.

"सर, अपील कोणत्या मुद्द्यावर करायचं?"

वसंतराव पुन्हा डोळे मिटून बसले होते.

"साक्षीदार खरं बोलला, या मुद्द्यावर करता येत नाही," ते म्हणाले. "दुसरा शोध."

तिनं कमलभाऊंकडून एक पेन मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.